एका निनावी नियमाची बखर

जुन्या दफ्तरांतून, निवाडापत्रांतून आणि गहाणखतांतून ‘तिऱ्हाईत’ हा शब्द वारंवार भेटतो. धनको आणि ऋणको या दोघांच्या व्यवहाराशी ज्याचा काही संबंध नाही, ज्याच्या येण्याने मुद्दल वाढत नाही आणि ज्याच्या जाण्याने व्याज उतरत नाही, असा जो शेजारी, वाटसरू किंवा नुसताच बघ्या, तो तिऱ्हाईत. माणसांच्या जगात असा निर्भेळ तिऱ्हाईत क्वचितच सापडतो. भाऊबंदकीचा एखादा दावा ज्याने जवळून पाहिला असेल त्याला हे निराळे सांगावयास नको. विद्युत्प्रभारांच्या मुलखात मात्र तो पावलोपावली सापडतो. दोन प्रभार परस्परांना जितक्या जोराने ओढत किंवा ढकलत असतील, तितक्याच जोराने ते, तिसरा, चौथा किंवा शंभरावा प्रभार शेजारी येऊन बसला तरीही, ओढत किंवा ढकलत राहतात. आणि म्हणूनच अनेक बिंदुप्रभारांमुळे एखाद्या ठिकाणी उत्पन्न होणारे निव्वळ विद्युत्क्षेत्र काढावयाचे असेल, तर प्रत्येक प्रभाराचे खाते स्वतंत्र मांडावे, बाकीचे जणू या जगात नाहीतच असे समजून त्याचा एकट्याचा हिशेब पुरा करावा, आणि शेवटी सर्व खात्यांची, दिशा सांभाळून, बेरीज करावी, इतकेच काम उरते.

कॉलेजातील विद्यार्थी ही रीत विद्युतशास्त्राच्या पहिल्याच पंधरवड्यात शिकतो, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार प्रभार ठेवून मध्यबिंदूचे क्षेत्र काढतो, उत्तर पुस्तकाच्या मागील पानाशी ताडून पाहतो आणि पुढे जातो. ही रीत कोणाच्या सनदेने चालू झाली हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. या शास्त्रात प्रत्येक नियमाला कोणाचे तरी नाव चिकटलेले आहे: व्यस्त वर्गाचा नियम कूलोमचा, बंद पृष्ठाचा नियम गाउसचा, विभवाचे समीकरण प्वासोंचे. बेरजेच्या नियमाला मात्र ‘अध्यारोपणाचे तत्त्व’ असे भारदस्त संस्कृत नाव असले तरी आडनाव नाही. त्याचा जनक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असा मनुष्य इतिहासात सापडत नाही. हा नियम एखाद्या जुन्या गावातल्या वहिवाटीसारखा आहे; सर्वजण त्या वाटेने जातात, पण वाट कोणी पाडली याचा दस्तऐवज कोणाजवळ नाही.

वहिवाटीचे मूळ शोधू गेल्यास ते विजेत नव्हे, तर गुरुत्वाकर्षणात सापडते. १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हारिन्यों यानेही बलांच्या समांतरभुज चौकोनाचा सिद्धांत मांडला. एकाच पदार्थावर दोन बले निरनिराळ्या दिशांनी लागली असता त्यांचा एकत्रित परिणाम चौकोनाच्या कर्णाने दाखविला जातो, हा तो सिद्धांत. न्यूटनने तो आपल्या गतिनियमांचा उपसिद्धांत म्हणून दिला आणि मग पृथ्वीच्या प्रत्येक कणाचे आकर्षण निराळे मोजून त्या सर्वांची बेरीज करण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला. त्या उद्योगात त्याला एक विलक्षण फळ मिळाले. सारख्या जाडीचा एखादा पोकळ गोल कवचासारखा घेतला आणि आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असले, तर त्या पोकळीत कोठेही ठेवलेल्या कणावर निव्वळ आकर्षण शून्य. त्याचे कारण सोपे व सुंदर आहे. आतील कणापासून दोन्ही बाजूंना एक अरुंद शंकू काढावा. जवळच्या बाजूला तो कवचाचा लहानसा तुकडा कापतो, दूरच्या बाजूला मोठा. तुकड्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि ओढ त्याच वर्गाने घटते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ओढी तंतोतंत फिटतात. आणि असे शंकू सर्व दिशांना काढता येत असल्यामुळे साऱ्या कवचाचा जमाखर्च शून्यावर येऊन थांबतो. या शून्याकडे वाचकाने लक्ष ठेवावे. पुढील शंभर वर्षांच्या कथेचा नायक तोच आहे.

विजेच्या मुलखात हे शून्य प्रथम दिसले ते बेंजामिन फ्रँकलिनला, आणि तेही अर्थ न कळता. त्याने चांदीचे एक भांडे विद्युत्प्रभारित केले आणि रेशमाच्या दोऱ्याला बांधलेली बुचाची गोळी त्यात सोडली. बाहेरून जवळ आणली असता ओढली जाणारी ती गोळी आत गेल्यावर मात्र मुळीच ओढली जाईना. हे असे का व्हावे हे आपणास कळत नाही, असे फ्रँकलिनने प्रांजळपणे कबूल केले आणि आपला मित्र जोसेफ प्रीस्टली याला तो प्रयोग करून पाहण्यास सुचविले. प्रीस्टलीने १७६६ च्या डिसेंबरात तो केला आणि १७६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विद्युतशास्त्राच्या इतिहासात, फारसा गाजावाजा न करता, एक प्रश्न टाकला: पृथ्वी पोकळ कवचासारखी असती तर तिच्या आतील पदार्थ कोणत्याच बाजूला ओढला गेला नसता, हे जर सिद्ध आहे, तर भांड्यातील या प्रयोगावरून विजेचे आकर्षणही त्याच वर्गाच्या नियमाने चालते असे अनुमान का काढू नये? पेशाने धर्मोपदेशक असलेल्या प्रीस्टलीने केलेले हे अनुमान मला त्या शतकातील सर्वांत धीट अनुमानांपैकी एक वाटते, कारण त्यात दोन गोष्टी एकदम गृहीत धरल्या होत्या: एक, वर्गाचा नियम, आणि दुसरी, भांड्याच्या प्रत्येक कणाची ओढ स्वतंत्र मोजून तिची बेरीज करता येते हे. पहिल्या गोष्टीची चर्चा पुढे शंभर वर्षे झाली. दुसरीची कोणी केलीच नाही.

एडिंबरोच्या जॉन रॉबिसनने १७६९ च्या सुमारास प्रत्यक्ष मोजमाप करून वर्गाऐवजी २.०६ हा घातांक काढला आणि कागद पेटीत ठेवून दिला. परंतु कागद पेटीत ठेवण्याच्या बाबतीत हेन्री कॅव्हेंडिशची बरोबरी कोणाला करता येणार नाही. ड्यूकच्या घराण्यातील हा अतिश्रीमंत, अतिलाजाळू गृहस्थ घरातील मोलकरणींशीही चिठ्ठ्या लिहून बोलत असे, असे म्हणतात. १७७२-७३ च्या हिवाळ्यात त्याने फ्रँकलिनच्या भांड्याला गणिताची शिस्त लावली. १२.१ इंच व्यासाचा एक गोल, कथिलाच्या पातळ पत्र्याने मढविलेला. त्याभोवती लाकडी चौकटीत बसविलेले, बिजागरीने उघडमीट होणारे १३.३ इंच व्यासाचे दोन अर्धगोल. आतल्या व बाहेरच्या गोलांना तारेने जोडून प्रभार द्यावयाचा, मग तार काढून घ्यावयाची, अर्धगोल दूर करावयाचे, आणि आत राहिलेल्या गोलापाशी भेंडाच्या दोन गोळ्या नेऊन त्या फाकतात काय हे पाहावयाचे. त्या फाकल्या नाहीत. आपल्या साधनांना बाहेरील प्रभाराचा एकसाठांश भाग जरी आत राहिला असता तरी तो दिसला असता, हे त्याने निराळे तपासून ठरविले आणि त्यावरून निष्कर्ष काढला की घातांक २ पासून एकपन्नासांशाहून अधिक ढळू शकत नाही.

या प्रयोगाचे मर्म असे की त्यात काहीही मोजलेले नाही. फक्त शून्य आहे की नाही एवढेच पाहिले आहे. कवचाच्या लक्षावधी कणांनी आपापला भाग आतील बिंदूशी रुजू केला आणि त्या सर्वांची बाकी शून्य आली. एका कणाच्या सान्निध्याने दुसऱ्याचा जोर थोडा जरी बदलत असता, तिऱ्हाईताने व्यवहारात थोडा जरी हात घातला असता, तर ही बाकी शून्यावर येण्यास काही कारण नव्हते. म्हणजे कॅव्हेंडिशच्या शून्याने वर्गाच्या नियमाबरोबर बेरजेच्या नियमाचीही साक्ष दिली, फक्त त्या साक्षीची नोंद घेण्यास कोणी कारकून हजर नव्हता. आणि एरवीही त्याने काय केले असते? कॅव्हेंडिशने हे टिपण छापलेच नाही. ते १८७९ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनी, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने संपादून प्रसिद्ध केले. त्याआधी केंब्रिजमध्ये तोच प्रयोग सुधारलेल्या साधनांनी पुन्हा करवून घेतला आणि एकपन्नासांशाची मर्यादा २१,६०० त एकापर्यंत खाली आणली. १९३६ साली अमेरिकेत प्लिम्प्टन व लॉटन यांनी त्याच पद्धतीने ती शंभर कोटींत दोन इतकी सूक्ष्म केली.

नियमाला नाव मिळाले ते मात्र कूलोमचे, आणि ते अन्यायाने मिळाले असे मी म्हणणार नाही. ज्याने छापले त्याचे नाव, हा शास्त्राच्या कचेरीतील शिरस्ता आहे. शार्ल ऑगस्टीन द कूलोम हा फ्रेंच लष्करातील इंजिनियर. १७३६ साली अंगुलेम येथे जन्मलेल्या या मनुष्याची उमेदीची आठ वर्षे वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली आणि तेथून तो परतला तो कायमची बिघडलेली प्रकृती घेऊन. होकायंत्राची सुई कशी टांगावी या प्रश्नावर विचार करता करता त्याला तारेच्या पिळाचे गमक सापडले: बारीक तार जितके अंश पिळावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर करते. या एका गोष्टीवर त्याने १७८५ साली आपली पीळतुला उभी केली. चांदीच्या अतिसूक्ष्म तारेला आडवी टांगलेली काडी, तिच्या टोकाला भेंडाची गोळी, शेजारी तशीच एक स्थिर गोळी, आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून सभोवार काचेचे नळकांडे. दोघींना सारखा प्रभार दिला तेव्हा त्या ३६ अंशांनी दूर झाल्या. वरची तार १२६ अंश पिळली तेव्हा अंतर १८ अंशांवर आले, म्हणजे एकूण पीळ १४४. ५६७ अंश पिळली तेव्हा साडेआठ अंशांवर, म्हणजे एकूण पीळ ५७५½. अंतर निम्मे होताच जोर चौपट, पुन्हा सुमारे निम्मे होताच पुन्हा चौपट. या तीन आकड्यांवर साऱ्या विद्युतशास्त्राची इमारत उभी राहिली हे ऐकून आजचा प्रयोगशाळेतील शिपाईदेखील हसेल; पण आकडे तीनच होते.

आकर्षणाच्या बाबतीत ही तुला लटकी पडे, कारण गोळ्या जवळ येताच एकमेकींना जाऊन चिकटत. म्हणून कूलोमने दुसरी युक्ती योजली. प्रभारित गोलासमोर एक हलकी सुई टांगून, लंबकाप्रमाणे तिचे झोके मोजले: ९ इंचांवर पंधरा झोक्यांस २० सेकंद, १८ इंचांवर ४१, आणि २४ इंचांवर ६०. शेवटचा आकडा खरे तर ५४ च्या आसपास यावयास हवा होता. मधल्या वेळात प्रभार दमट हवेत गळून गेला, असा त्याने खुलासा केला आणि या गळतीवर पुढे एक संपूर्ण निबंध लिहिला. आपल्याकडे आषाढात कोकणात ज्याने काचेची कांडी रेशमावर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा यत्न केला असेल, त्याला हा खुलासा पटण्यास वेळ लागू नये.

परंतु कूलोमच्या काचेच्या नळकांड्यात गोळ्या दोनच होत्या. तिसरी त्याने आणली नाही. दोघांचा कायदा त्याने लिहिला. अनेकांच्या जमावात तोच कायदा तसाच चालतो हे त्याने, न्यूटनच्या वहिवाटीवर विसंबून, न बोलता धरले. आणि येथेच खरी अडचण दबा धरून बसली होती. धातूच्या गोलांशी प्रयोग करणाऱ्यास प्रत्यक्षात असे दिसते की तिसरा गोल जवळ आणताच पहिल्या दोघांमधील जोर बदलतो! मग तिऱ्हाईत तिऱ्हाईत कुठे राहिला? प्लिमथचा विल्यम स्नो हॅरिस हा जहाजांवर वीजवाहक बसविण्यासाठी इतका झटला की लोक त्याला ‘गडगडाट-विजेचा हॅरिस’ म्हणत; त्याने १८३० नंतर अशा अनेक प्रयोगांच्या आधारे कूलोमच्या नियमावरच शंका घेतली. शंकेचे उत्तर असे आहे की धातूच्या गोलावरील प्रभार जागच्या जागी खिळलेला नसतो; पाहुणा येताच घरातील मंडळी जशी ओटीवरून माजघरात आणि माजघरातून ओटीवर सरकतात, तसा तो पृष्ठभागावर सरकतो. बदलते ती मांडणी; प्रत्येक कणाकणामधील कायदा तोच राहतो. नव्या मांडणीची बेरीज नव्याने करावी लागते एवढेच, आणि ही बेरीज करणे म्हणजे गणित्याची कसोटी. त्या कसोटीला प्रथम उतरला सिमेओं दनी प्वासों. १८१२ साली पॅरिसच्या अकादमीपुढे वाचलेल्या निबंधांत त्याने परस्परांना चिकटलेल्या दोन गोलांवर प्रभार कोठे किती दाटतो हे केवळ गणिताने काढले, आणि ते आकडे कूलोमने पूर्वी हाताने मोजून ठेवलेल्या आकड्यांशी जुळले. हॅरिसच्या आक्षेपाचा फैसला पुढे १८४५ साली एकवीस वर्षांच्या विल्यम थॉमसनने केला. माझ्या मते प्वासोंच्या त्या निबंधांच्या दिवशी वहिवाटीला कायद्याचे रूप आले, जरी त्यांत वहिवाटीचा नामोल्लेखही नव्हता.

बेरीज म्हटली तरी ती बाजारातील बेरीज नव्हे, हे एका उदाहरणाने सांगणे बरे. ३, ४ व ५ सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण घ्यावा. काटकोनाच्या बिंदूपासून ३ सेंटिमीटरवर २७ एककांचा प्रभार आहे आणि ४ सेंटिमीटरवर ६४ एककांचा. एकके जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम पद्धतीची. पहिल्याचे क्षेत्र २७ भागिले ९, म्हणजे ३. दुसऱ्याचे ६४ भागिले १६, म्हणजे ४. निव्वळ क्षेत्र मात्र ७ नव्हे, ५. कारण दोन्ही बाण परस्परांशी काटकोन करतात आणि कर्ण तेवढाच निघतो. दोनच प्रभार असताना हे ठीक. दोनशे असले तर प्रत्येक बाणाचे दिशेप्रमाणे तुकडे पाडून, आडवे निराळे, उभे निराळे, पुन्हा एकत्र जुळविताना हिशेबनीस थकून जाईल.

या थकव्यावर औषध शोधले नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटन गावातील एका पवनचक्कीवाल्याने. जॉर्ज ग्रीन हा पाव भाजणाऱ्याचा व पीठ दळणाऱ्याचा मुलगा. शाळा झाली ती जेमतेम वर्षभर. त्याने १८२८ साली, एकावन्न वर्गणीदारांच्या आश्रयाने, साडेसात शिलिंग किमतीचा एक निबंध छापला. ज्या राशीला दिशा नाही, जी नुसती संख्या आहे, अशी एक राशी लाप्लास व प्वासों यांनी पूर्वी वापरली होतीच. ग्रीनने तिला नाव दिले, जिला आपण विभव म्हणतो, आणि तिच्यावर शास्त्र रचले. आमच्या त्रिकोणात विभव २७ भागिले ३, म्हणजे ९, अधिक ६४ भागिले ४, म्हणजे १६, एकूण २५. कोन नाही, कर्ण नाही, वाण्याच्या वहीतील बेरीज. अशी सर्वत्र बेरीज करून ठेवावी आणि शेवटी एकदाच, विभव कोणत्या दिशेने किती झपाट्याने उतरते हे पाहून, क्षेत्र वसूल करून घ्यावे. वर्गणीदारांपैकी किती जणांना तो निबंध समजला असेल याची कल्पना करवत नाही. ग्रीन चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ साली वारला. चार वर्षांनी थॉमसनला आपल्या शिक्षकाकडून त्या निबंधाच्या प्रती मिळाल्या, त्या त्याने पॅरिसला नेल्या, आणि मग युरोपला कळले की पवनचक्कीत काय दळले गेले होते.

‘क्षेत्र’ हा शब्द मात्र यांपैकी कोणाचाच नव्हे. तो मायकेल फॅरडेच्या लेखणीतून १८४५ साली, चुंबकाच्या संदर्भात, उतरला. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या मनुष्याला समीकरणांची भाषा येत नव्हती. लोखंडाच्या किसात उमटणाऱ्या रेषा त्याला दिसत, आणि रिकाम्या जागेच्या प्रत्येक बिंदूवर काहीतरी घडत आहे असा त्याचा ठाम विश्वास होता. मॅक्सवेलने या दृष्टीला गणिताचा पेहराव चढविला, आणि आपल्या १८७३ च्या ग्रंथाच्या अखेरीस जी चित्रे जोडली त्यांतील पहिले मला फार आवडते. ‘अ’पाशी २० एकके, ‘ब’पाशी ५, रेषा दोघांपासून निघून परस्परांना टाळीत वळतात, आणि मध्ये, ‘अ’पासून अंतराच्या दोनतृतीयांशावर, एक बिंदू असा की जेथे दोघांचे क्षेत्र समान व विरुद्ध होऊन बाकी शून्य राहते. दुसऱ्या चित्रात ‘ब’ला उणे ५ केले की तो शून्यबिंदू ‘ब’च्या पलीकडे, ‘अ’पासून दुप्पट अंतरावर जातो. ही चित्रे काढण्याची मॅक्सवेलची रीत म्हणजे आमच्या निनावी नियमाचे चालतेबोलते रूप आहे: एका प्रभाराच्या समविभव वर्तुळांवर दुसऱ्याची वर्तुळे काढावयाची, जेथे जेथे ती छेदतात तेथे दोहोंच्या आकड्यांची बेरीज मांडावयाची, आणि सारख्या बेरजेच्या बिंदूंतून हाताने रेघ ओढावयाची. अशा शून्यबिंदूवर एखादा प्रभार ठेवला तर तो तेथे सुखाने नांदेल असे मात्र कोणी समजू नये. सर्व बाजूंनी स्थिर असा मुक्काम विद्युत्क्षेत्रात कोठेच नसतो, हे सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज पाद्र्याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले होते.

बेरीज करता येते. बेरजेवरून मात्र पदे परत काढता येत नाहीत, आणि ही या नियमाची दुसरी, कमी बोलली जाणारी बाजू आहे. पाच हा आकडा हाती आला तर तो तीन व चार यांच्या काटकोनातून आला, की एकट्या पाचातून, हे आकड्याला विचारून कळत नाही. चुंबकीय क्षेत्रालाही हाच कायदा लागू असल्यामुळे त्याचा प्रत्यय मुंबईला आला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात होती. शतक संपता संपता शहरात विजेच्या ट्रामचा घाट घातला गेला, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांच्या ध्यानात आले की रुळांतून व जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळेल, सुई दोहोंची बेरीज दाखवील, आणि त्या बेरजेतून पृथ्वीचा वाटा कोणता व ट्रामचा कोणता हे निवडून काढणे कोणाच्याही आटोक्यात राहणार नाही. मग समुद्रापलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. सुईला लोखंडाचा उपद्रव होऊ नये म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड पारखून घेतला. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या दफ्तराची नव्याशी रुजुवात घालण्यात आली. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा खाडीपलीकडच्या त्या दगडी खोलीत टांगलेल्या सुईला त्याची वार्ताही लागली नाही.